उजवी बाजू

"तिथं नाय लावणार मी, भावजी."

किशोर डॅशबोर्डखाली उताणा पडून बोलत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. सुदामने त्या पायांकडे बघतच विचारलं, "का? काय होतंय तिथं लावायला? साहेबांच्या बरोबर समोर येईल. कॉल आला का पत्ता लगेच दिसंल त्यांना. बाकीच्या गाड्या बघ जा. सगळ्यांना तिथंच हाय."

"सगळ्यांना असंल."

किशोर सरकत बाहेर आला, हात फडक्याला पुसले आणि डाव्या सीटसमोरच्या डॅशबोर्डवर तळवा ठेवला. पोलीस ठाण्याची ही नवी बोलेरो दोनच आठवड्यांपूर्वी आली होती. आत अजून प्लास्टिकचा वास होता.

"ह्याच्या खाली एअरबॅग हाय. ठोकर बसली का हे झाकण फाटतं आन् पिशवी बाहेर येते. कशी येते तुमी बघितली नाय. मी वर स्क्रीन ठोकली, तर ती स्क्रीन हिथं बसलेल्याच्या तोंडावर जाईल."

"ठोकर बसली का! गाडी मी चालवतो. आजवर बसली का कदी?"

"नाय बसली. बसू पण नये."

"मंग?"

"मंग काय नाय. मदी लावतो, खाली. गियरच्या वर. तिथनं साहेबांना पण दिसंल, तुमाला पण."

सुदाम ठाण्याचा ड्रायव्हर हवालदार आणि किशोरच्या थोरल्या बहिणीचा, हौसाचा, नवरा. उंच, हाडापेराने मजबूत, वर्दीची इस्त्री कधी न मोडणारा माणूस. नव्या गाडीला दिवा, सायरन, वायरलेस आणि स्क्रीन लावून आणायचं काम साहेबांनी त्याच्यावर सोपवलं होतं. स्क्रीन कुठे येणार तेही तो साहेबांना सांगून आला होता. आता परत जाऊन दुसरं सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"तुला ह्या कामात आणला कुणी?" त्याने एकदम विचारलं.

किशोरने फडकं खांद्यावर टाकलं. आणलं होतं सुदामनेच.

किशोर मूळचा डोळखांबजवळच्या एका पाड्यातला. दहावी झाल्यावर तो कल्याणला एका बॅटरीवाल्याकडे कामाला लागला. तिथे बॅटऱ्या उचलता उचलता वायरिंग शिकला. त्या दुकानात एकदा एक जळालेली व्हॅन ओढून आणली होती. कुणीतरी पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर तशीच नेली होती, रबर न घालता. गाडी हलून हलून वायर घासली गेली आणि पेटली. व्हॅनचा ड्रायव्हर दुकानातच बाकावर बसला होता. कुणीतरी त्याला चहा दिला, पण त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. कप समोर ठेवून तो नुसता त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी किशोरने कप त्याच्या तोंडाला लावला. तेव्हापासून पत्र्याच्या भोकात रबर घातल्याशिवाय किशोरच्या हातून एकही वायर गेली नाही.

पुढे त्याने मुरबाडमध्ये टोकावड्याच्या रस्त्याला स्वतःचा गाळा घेतला. हॉर्न, हेडलाइट, टेम्पोवाल्यांचे टेप अशी कामं असत. हौसाचं लग्न तोवर टोकावड्याकडच्या गावात झालं होतं. एकदा सुदाम ठाण्याची जुनी जीप घेऊन आला. सायरन वाजवला की वायरलेस बंद पडायचा. किशोरने सगळी वायरिंग उपसून नव्याने टाकली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठाण्याची गाडी आली, मग तिसरी. "पोलीसवाल्यांचा किशोर" असं लोक म्हणू लागले. गाळ्यावर त्याने पाटी कधी लावलीच नाही. लागली नाही.

किशोरने सुदामकडे बघितलं. तो म्हणाला, "तुमीच आणलात, भावजी. म्हनून तर सांगतो."

"माझ्या शब्दाला तुझ्या दुकानात काय किंमत हाय का नाय, येवढंच बोल."

"किंमत हाय. स्क्रीन तिथं नाय लावणार."

सुदाम बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. रविना, किशोरची बायको, घरून चहा घेऊन आली होती. तिने कप पुढे केला, तर तो "नको" म्हणाला. भावजींनी चहाला नको म्हणायची ही पहिलीच वेळ. रविनाने नवऱ्याकडे बघितलं. किशोर पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला होता.

संध्याकाळी हौसाचा फोन आला.

"काय रे, काय केलंस? हे घरी आले तवापासून तोंड फुगवून बसलेत. जेवले पण नाय धड."

"काय नाय गो ताय. स्क्रीन दुसऱ्या जागी लावली."

"मंग त्यांच्या मनासारखं लाव ना! काय बिघडतं तुझं? तुझी गाडी हाय का ती?"

"ताय, तुला नाय समजनार त्यातलं."

"मला नाय समजत, त्यांना नाय समजत. तुलाच समजतं सगळं." तिने फोन ठेवला.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्क्रीन मधोमध बघितली आणि "ठीक आहे" म्हणून गाडीत बसले. त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला. सुदामपुरता संपला नाही. तो मुरबाडला यायचा, पण गाळ्यावर थांबायचा नाही. गणपतीत किशोर आणि रविना त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्याने "या" म्हटलं, पाट दिला, आरतीचं ताट पुढे केलं. पण नेहमीसारखा किशोरच्या पाठीत धपाटा घातला नाही. दिवाळीत भाऊबीजेला तो ड्युटीवर होता. ड्युटी खरंच होती की मागून घेतली होती, हे किशोरने विचारलं नाही आणि हौसानेही सांगितलं नाही.

भात झोडून झाल्यावर एक दिवस सुदामचा स्वतःहून फोन आला. गाडीच्या मागच्या दिव्याचं काहीतरी विचारलं त्याने. फ्यूज बघा, किशोर म्हणाला. "बघतो," सुदाम म्हणाला. पण फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "तांदूळ काढलाय नवा. तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय. ये घेऊन जा. रविनाला पण आण. तुझी ताय आठवण काढते."

"येतो येतो."

"येतो नको. ये."

किशोर हसला. फोन खिशात टाकताना त्याला हलकं वाटलं. रविवारी जाऊ, तो रविनाला म्हणाला. रविवारी एका टेम्पोचं काम आलं. पुढच्या रविवारी जाऊ, म्हणाला.

तो पुढचा रविवार आलाच नाही.

घाटाच्या पायथ्याशी, एका सकाळी, धुकं असताना अपघात झाला. सुदाम आणि काजल नावाची शिपाई मुलगी एका कॉलवर निघाले होते. वर कुठेतरी गाडी कठड्याला धडकून पडली होती, तिच्याकडे. साहेब सोबत नव्हते, म्हणून काजल पुढे बसली होती. समोरून एक ट्रक एका एस.टी.ला ओव्हरटेक करत चुकीच्या बाजूने आला. सुदामने गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. डोंगराच्या अंगाला जेवढी जागा होती तेवढी सगळी त्याने घेतली. ट्रकचा कोपरा गाडीच्या उजव्या बाजूला, पुढच्या चाकापासून ड्रायव्हरच्या दरवाज्यापर्यंत, आत घुसला. काजलचा हात मोडला, तोंड खरचटलं. सुदाम जागेवरच गेला.

किशोर दवाखान्यात पोचला तेव्हा हौसा भिंतीला टेकून खाली बसलेली होती. रडत नव्हती. तिने त्याला बघितलं आणि म्हणाली, "सकाळचा डबा नेलाच नाय रे. भाकरी गरम व्हती, म्हनाले येऊन खातो." हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आल्यागेल्याला, डॉक्टरला, साहेबांना. साहेब टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनीही ते सगळं ऐकून घेतलं.

तेराव्याला घर भरलं होतं. किशोर ओटीवर बसला होता. त्याच्या शेजारी तांदळाचं पोतं होतं, तोंड सुतळीने शिवलेलं. हे आपलंच, हे त्याला कुणी न सांगता कळलं. त्याने त्याला हात लावला नाही.

दुपारी काजल आली. आटगावची मुलगी, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. हात गळ्यात अडकवलेला, कपाळावर खरचटलेल्याची खपली. सोबत तिचे वडील होते. ती हौसाच्या पाया पडली आणि रडली. हौसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग काजल किशोरकडे वळली.

"दादा, गाडी तपासायला आरटीओचे साहेब आले होते ना, त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, ही स्क्रीन समोर लावलेली असती तर तू आज बोलत नसतीस. ज्याने मधे लावली त्याला जाऊन भेट."  तिचे वडील पुढे झाले आणि त्यांनी किशोरचे दोन्ही हात धरले. म्हातारा माणूस. हात सोडेचना.

किशोरला वाटलं, जमीन दुभंगावी. हे कुठे बोलायचं आणि कधी! पण पोरीच्या मनात काही नव्हतं. तिला जे वाटलं ते ती बोलली. हौसा तिथेच उंबऱ्याशी बसली होती. तिने सगळं ऐकलं.

माणसं गेल्यावर किशोर आत पाणी प्यायला गेला. हौसा चुलीपाशी बसली होती.

"पोरीला वाचवलंस," ती म्हणाली.

"ताय..."

"बरं केलंस. आईबापाची येकटी हाय ती." तिने चुलीतलं अर्धवट जळालेलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. "मंग ह्यांच्या बाजूला लावायला काय नव्हतं का रे तुझ्याकडं?"

किशोरच्या हातात तांब्या होता. तो त्याने खाली ठेवला. बहिणीला त्यातलं काही कळत नव्हतं. ती चिडून बोलली असती तरी चाललं असतं. ती खरोखरच विचारत होती. कदाचित असेल काहीतरी. कदाचित भाऊ विसरला असेल.

"काय तरी असंल ना," ती म्हणाली. "येवढं सगळं लावतोस."

तो मागच्या दाराने बाहेर पडला. पेंढ्याच्या उडवीआड उभं राहून रडला, आणि रविनाला घेऊन मुरबाडला परत आला. तांदळाचं पोतं तिथेच राहिलं.

पुढे बरेच दिवस तो हौसाकडे गेला नाही. रविना मात्र जायची, दिवसभर राहायची, परत यायची. "काय म्हनाली?" तो विचारायचा. "काय नाय. गप असते," रविना सांगायची.

मग ठाण्यातून निरोप आला. अपघातातल्या गाडीचा पंचनामा, तपासणी सगळं झालं होतं. बदली गाडी येणार होती. वायरलेस, स्क्रीन, सायरन, वरचा दिवा हे सगळं जुन्या गाडीतून काढून नव्या गाडीत बसवायचं होतं. "तुम्हीच बसवलं होतं, तुम्हीच काढलंत तर बरं," फोनवरचा जमादार म्हणाला आणि मग संकोचून म्हणाला, "नसेल जमत तर सांगा. दुसरा कोणी बघतो."

"नको जाऊस तू," रविना म्हणाली. "दुसऱ्याला करू दे."

किशोर रात्रभर त्यावर विचार करत बसला नाही. लगेच म्हणाला, "दुसरा येईल, पक्कडीनं वायरी कापंल आन् ओढून काढंल." आणि हत्यारांची पेटी बाहेर काढली.

ठाण्याच्या मागे, जप्त केलेल्या मोटरसायकली आणि वाळूच्या ट्रॉल्यांच्या ओळीत, गाडी ताडपत्रीखाली उभी होती. शिपायाने ताडपत्री ओढली आणि तो निघून गेला. किशोर आधी डाव्या बाजूने फिरला. डावी बाजू जवळजवळ तशीच होती. दरवाजा उघडला. आत काचेचा चुरा, वाळलेली माती. समोरच्या झाकणातून एअरबॅग बाहेर येऊन रिकामी लोंबत होती, कुणी वाळत घालून विसरलेल्या पांढऱ्या कापडासारखी. त्या कापडावर एक बारीक लाल टिकली चिकटून राहिली होती.

तो सीटवर बसला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मग त्याने मान वळवून उजवीकडे बघितलं. बघायचंच होतं. बहिणीने विचारलेला प्रश्न घेऊनच तो आला होता. सुदामच्या बाजूची एअरबॅगसुद्धा उघडलेली होती. स्टिअरिंगमधून बाहेर आली होती, जशी यायला हवी तशी. पण ट्रकची धडक समोरून बसली नव्हती, बाजूने बसली होती. दरवाजा होता तिथे दरवाजा राहिला नव्हता. पत्रा सीटच्या जागेपर्यंत आला होता. किशोरने एकेक जागा नजरेने तपासली, कामाला गाडी आल्यावर तपासायचा तशी. इथे काय लावलं असतं? इथे? इथे एखादी जाड पट्टी? पण ट्रकपुढे पट्टी काय करणार. त्याला काही सापडलं नाही. सापडलं असतं तर त्याने काय केलं असतं, हेही त्याला कळेना.

त्याने लावलेलं मात्र सगळं शाबूत होतं. वायरलेसचा सेट जागेवर, स्क्रीनला चरा नाही, सायरनचा डबा बोल्टला घट्ट. एकही वस्तू सुटून कुणाच्या अंगावर गेली नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, माणूस तेवढा नव्हता. किशोरला त्या वस्तूंचा राग आला. वायरलेसच्या सेटवर त्याने एक जोरात थप्पड मारली. तळहात झणझणला. मग त्याने बॅटरीची वायर सोडवली, पाना घेतला आणि एकेक स्क्रू काढू लागला. वायरी कुठेही न कापता, भोकातली रबरं सुद्धा सांभाळून, त्याने सगळं काढलं. पेटी भरली. जाताना टिकलीला हात न लावता ताडपत्री पुन्हा ओढून नीट बांधली.

नवी गाडी चार-पाच दिवसांनी गाळ्यावर आली. ती आणणारा ड्रायव्हर सुनिल नावाचा होता, तिशीतला, शहापूरकडून बदलून आलेला. गाडी लावून तो म्हणाला, "मी जरा बाजारात जाऊन येतो, दादा. घाई नाही." तो कुणाच्या जागेवर आलाय हे त्याला माहीत होतं. त्याला तिथे उभं राहायला अवघड वाटत असावं.

किशोरने दिवसभरात वरचा दिवा बसवला, वायरी आत घेतल्या, वायरलेस लावला. ऊन उतरायला लागलं तेव्हा समोर एस.टी. थांबली आणि हौसा उतरली. एकटीच. रस्ता ओलांडून ती गाळ्यात आली. किशोर लगबगीने उठला आणि त्याने तिला खुर्ची दिली.

"रविनाला बोलावतो."

"नको. तुझं चालू दे."

ती बसली. कपाळ मोकळं होतं, त्याकडे बघायची किशोरला अजून सवय झाली नव्हती. तो पुन्हा गाडीत शिरला. थोड्या वेळाने ती उठून दरवाज्यापाशी आली.

"हे काय?"

"वायरलेस."

"हे?"

"सायरनचं बटन."

"आन् ही ती स्क्रीन?"

"ही तीच."

हौसाने स्क्रीनकडे बघितलं. बोट पुढे केलं, पण लावलं नाही. "मी तुला फोन केलता," ती म्हणाली. "त्यांच्या मनासारखं लाव म्हनून. तू ऐकलं असतंस तर ती पोर..." 

"नाय ना ऐकलं," किशोर म्हणाला.

"नाय ऐकलंस," ती म्हणाली. "तू गेलतास ना ती गाडी बघायला? त्यांच्या बाजूची पिशवी फुगली व्हती?"

"फुगली व्हती, ताय."

"मंग?"

"पिशवी समोरनं असते. ट्रक बाजूनं आला. बाजूला नुसता दरवाजा असतो."

"दरवाजा," ती म्हणाली. नव्या गाडीच्या उजव्या दरवाज्यावरून तिने हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, मग बोटाच्या पेराने ठोकून बघितला. पातळ आवाज आला. तिने आणखी काही विचारलं नाही. किशोरला वाटलं, तेराव्याच्या दिवसापासून ती ह्याच एका उत्तरासाठी थांबून राहिली होती आणि आपण ते द्यायला गेलो नाही.

"मी कदी बसले नाय ह्यांच्या गाडीत," ती एकदम म्हणाली. "सरकारी गाडी हाय म्हनायचे, घरची मानसं बसवायची नाय. येकदा बाजारातनं येत व्हते, डोक्यावर ओझं, पाऊस येवढा. बाजूनं गेले, थांबले नाय. मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आन् गेले पुढं." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "रात्री घरी आले आन् काय न बोलता माझे पाय चेपाया बसले. मी म्हनलं, चेपा. चांगले चेपा."

किशोरलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"बसू का जरा?"

त्याने सीटवरची हत्यारं उचलली. हौसाने चपला खाली काढून ठेवल्या, देवळात जाताना काढाव्यात तशा, आणि दांडीला धरून वर चढली. ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पाय खाली पोचले नाहीत. तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. एक टेम्पो गेला, मागोमाग दोन मोटरसायकली गेल्या. किशोर बाजूला उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

तेवढ्यात सुनिल आला. गाडीत कुणी बाई बसलेली बघून तो आधी चपापला, मग किशोरचा चेहरा बघून त्याला समजलं. तो पलीकडे पानटपरीशी जाऊन उभा राहिला. हौसाने त्याला आरशात बघितलं असावं. ती खाली उतरली, पदराने सीट पुसली, चपला घातल्या.

"हेच का ड्रायव्हर?"

"हां."

तिने त्याला हाताने बोलावलं. सुनिल पटकन आला आणि समोर उभा राहिला.

"घरी कोन कोन हाय, भाऊ?"

"आई आहे. बायको, मुलगी. मुलगी लहान आहे अजून, बालवाडीत जाते."

हौसाने मान हलवली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग किशोरकडे वळून म्हणाली, "नीट बसव."

"हो, ताय."

"आन् रविवारी ये. पोतं हाय तसंच पडलंय. उंदीर लागतील त्याला."

ती रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहिली. किशोरने आत जाऊन उरलेले स्क्रू आवळले. वायरी पट्टीने बांधल्या, पुन्हा एकदा ओढून बघितल्या. वरचा दिवा लावून बघितला, लाल आणि निळा उजेड गाळ्याच्या भिंतीवर फिरला. वायरलेसवर खरखर आली. सुनिलने विचारलं, "सायरन बघायचा ना, दादा? वाजवू का?"

"थांब जरा," किशोर म्हणाला.

घाटाकडे जाणारी एस.टी. आली. हौसा चढली. बस वळणावरून दिसेनाशी झाली, तिचा आवाजही येईनासा झाला, तरी किशोर तसाच उभा होता. मग आणखी थोडा वेळ जाऊ देऊन त्याने हात आत घातला आणि बटण दाबलं.